कल्पित भाषेचे शब्द: आधी इतिहास, मग कोश

खाडीच्या मुखाशी एक बेट आहे, तिथे माणसं राहतात आणि ती मराठी बोलत नाहीत. या गोष्टीवर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली एक हौशी नाटकमंडळी नाटक बसवते आहे. बेटकरांच्या भाषेसाठी मंडळीतल्या मुलांनी एक वही घातली होती. डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे तोंडाला येईल तो नवा शब्द: पाणी म्हणजे झिलोर, घर म्हणजे ताबूक, आई म्हणजे इल्लो. वही भरत आली तसे ते शब्द त्यांचे त्यांनाच खोटे वाटू लागले. असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, याबद्दल त्यांच्याशी जे बोलणं झालं ते इथे नीट मांडतो आहे. कथा, नाटक किंवा खेळासाठी भाषा घडवू पाहणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडावं.

शब्द कधी एकटा जन्मत नाही. मराठीत 'पाणी' म्हटलं की पाणवठा, पाणथळ, पाणकोंबडी, पाणउतारा, पाणीदार, पाणावणे अशी सगळी भावकी मागोमाग येते. 'झिलोर'ला भावकी नाही आणि वयही नाही. तो काल संध्याकाळी जन्मला, 'ताबूक'ही कालच जन्मला आणि दोघांची ओळखसुद्धा नाही. प्रेक्षकाला व्याकरण कळो न कळो, हे पोरकेपण त्याच्या कानाला जाणवतं.

लहानपणी आपण सगळेच 'च'ची भाषा बोललो आहोत. 'तुला काय पाहिजे' याचं 'चलातु चयका चहिजेपा' होतं. मजा येते, पण ही नवी भाषा नाही. हा मराठीवर घातलेला मुखवटा आहे. शब्दांचा क्रम मराठीचा, अर्थांच्या सीमा मराठीच्या, फक्त अक्षरं जागा बदलतात. मुलांच्या वहीतही तेच घडलं होतं. एका मराठी शब्दासमोर एक नवा शब्द ठेवला की आतून मराठीच उरते.

मग लोकांनी आजवर काय केलं? चारशे वर्षांत बरेच मार्ग चोखाळून झाले आहेत.

जॉन विल्किन्स या इंग्रज धर्मगुरूने 1668 साली सगळ्या विश्वाची वर्गवारी केली आणि त्या वर्गांवरून शब्द बांधले. त्याच्या भाषेत 'दे' म्हणजे महाभूत, 'देब' म्हणजे त्यांतला अग्नी आणि 'देबा' म्हणजे अग्नीची ज्वाला. कागदावर हे फार देखणं दिसतं. बोलताना मात्र अडचण येते, कारण जवळच्या अर्थाचे शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. एक स्वर चुकला की आगीची ज्वाला होते. जिवंत भाषा याच्या बरोबर उलट वागते. आग, धूर, राख, निखारा, ठिणगी हे सगळे एकाच चुलीतले, पण एकाचा आवाज दुसऱ्यासारखा नाही.

वॉर्साचे नेत्रवैद्य लुडविक झामेनहोफ यांनी 1887 साली एस्पेरांतो भाषा प्रसिद्ध केली. त्यांनी धातू, म्हणजे शब्दांची मुळं, नव्याने रचले नाहीत. युरोपच्या भाषांतून ते निवडले आणि त्यांना जोडायला उपसर्ग आणि प्रत्यय ठरवून दिले. 'साना' म्हणजे निरोगी, 'मालसाना' आजारी, 'मालसानूलो' आजारी माणूस, 'मालसानूलेयो' आजारी माणसांची जागा, म्हणजे रुग्णालय. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार हे सगळे एकाच 'हृ' धातूचे. थोडक्या धातूंतून भरपूर शब्द काढायची ही कला संस्कृतने आपल्या अंगात मुरवलेली आहे.

कॅनडाच्या सोन्या लँग यांनी 2001 मध्ये मांडलेल्या टोकी पोना भाषेत तर सुमारे 120च शब्द होते. 'यान' म्हणजे माणूस, 'पोना' म्हणजे चांगला आणि 'यान पोना' म्हणजे मित्र. आपल्याकडचं ताजं उदाहरण म्हणजे 2015च्या 'बाहुबली' चित्रपटातल्या कालकेय टोळीची किलिकी भाषा. तमिळ गीतकार मदन कार्की यांनी ती घडवली. तिच्यात 'मिन' म्हणजे मी आणि 'निम' म्हणजे तू. शब्द उलटा केला की समोरचा माणूस होतो, इतकी साधी आणि लक्षात राहणारी युक्ती.

पण गोष्टीसाठी भाषा घडवायची तर माझ्या मते सगळ्यात मोलाचा मार्ग 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन यांचा. ते भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते आणि उमेदीच्या वर्षांत ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी शब्दांच्या व्युत्पत्त्या शोधायचं काम त्यांनी केलं होतं. त्यांनी एक मूळ भाषा कल्पिली आणि तिला दोन वेगळ्या दिशांनी झिजू दिलं. मूळ शब्द 'गालादा', म्हणजे झाड. एका भाषेत सुरुवातीचा 'ग' गळाला आणि 'आल्दा' झालं, दुसरीत शेवटचा स्वर गळाला आणि 'गालध' झालं. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की या बहिणी आहेत हे कुणी न सांगता कळतं. शब्द त्यांनी एकदाच घडवला, बाकीचं काम झिजेने केलं.

मुलांना मी हाच मार्ग धरायला सांगितलं. वही बाजूला ठेवा आणि हजार वर्षं मागे जा.

आधी कान

शब्दांच्याही आधी आवाज ठरवावे लागतात. प्रत्येक भाषेला काही आवाज चालतात, काही चालत नाहीत आणि काही ठरावीक जागीच चालतात. मराठीत 'ळ' आणि 'ण' आहेत, पण त्यांनी शब्द सुरू होत नाही. 'लोपळ' हा शब्द मी आत्ता बनवला, तरी तो कुठल्या तरी गावाचं नाव असावा असं वाटतं. 'ळोपल' वाचताना मात्र जीभ अडखळते. आवाज तेच आहेत, जागा चुकली आहे. तेव्हा नव्या भाषेसाठी आवाज कमी घ्या आणि त्यांच्या जागा कडक ठेवा. भाषेची चेहरेपट्टी तिथेच ठरते.

आवाज आणि अर्थ यांच्यात थोडं नातंही असतं. वोल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने 1929 मध्ये दाखवून दिलं, की गोलसर आकृती आणि टोकदार आकृती समोर ठेवून दोन अर्थहीन शब्द दिले, तर बहुतेक लोक मऊ आवाजाचा शब्द गोल आकृतीला आणि कठीण आवाजाचा टोकदार आकृतीला देतात. आपल्याकडे रिमझिम आणि धो धो, सळसळ आणि खडखडाट हे शब्द काय सांगतात ते पाहा. मिठासारखं हे चिमूटभर वापरावं. सगळेच शब्द अर्थासारखे वाजू लागले तर भाषा बालगीतासारखी होते.

बेटाच्या जुन्या भाषेसाठी आम्ही प, त, क, म, न, ल, र, स, ह, व एवढीच व्यंजनं घेतली. जोडाक्षर नाही, महाप्राण (ख, थ, फ असे आवाज) नाही आणि प्रत्येक शब्द स्वरावर संपतो. रंगमंचावर उभ्या मुलाला ते न चुकता म्हणता आलं पाहिजे, हाही हिशेब होता. मग थोडे धातू ठरवले: 'लुपा' पाणी, 'केती' बांध, 'हिके' मीठ, 'नोता' होडी, 'वेमा' माणूस.

झीज नियमाने होते

या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. शब्द कसेही झिजत नाहीत. आवाज बदलतो तेव्हा त्या त्या जागी तो बहुतेक सगळ्या शब्दांत सारखाच बदलतो. संस्कृत 'हस्त'चा हात झाला, 'सप्त'चे सात, 'कर्ण'चा कान, 'कर्म'चं काम. चारही ठिकाणी प्राकृतात आधी जोडाक्षर सारखं झालं (हत्थ, सत्त, कण्ण, कम्म), मग एक व्यंजन गळालं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. 'अद्य'चं आज आणि 'विद्युत्'ची वीज, दोन्हीकडे 'द्य'चा 'ज'. त्याच वळणाने 'मध्य'चा 'माज' झाला, तो आपल्या माजघरात अजून आहे.

दुसरा नियम आणखी कामाचा. प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटं सापडलेलं व्यंजन बहुधा गळून गेलं. 'सूची'तला 'च' गेला आणि सुई राहिली. 'नगर'मधला 'ग' गेला आणि अमळनेर, संगमनेरमधलं 'नेर' राहिलं. आता 'पगार' पाहा. तो पोर्तुगीज 'पागार'वरून आला, म्हणजे पैसे देणे. त्याच्या मध्यावर 'ग' जसाच्या तसा उभा आहे, कारण पोर्तुगीज गोव्यात आले तोवर 'ग' गिळणारा नियम कधीच थकून गेला होता. शब्दाच्या पोटात त्याच्या येण्याची तारीख अशी लिहिलेली असते. कल्पित भाषेत हे साधलं तर ती एकदम खरी वाटू लागते.

बेटाच्या भाषेला आम्ही तीन नियम दिले. एक, शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गळतो. दोन, दोन स्वरांमधले प, त, क मऊ होऊन ब, द, ग होतात. तीन, शब्दाचा शेवटचा स्वर गळतो.

आता गंमत क्रमात आहे. बेटाच्या उगवतीच्या काठावर आधी व्यंजन मऊ झालं आणि मग शेवटचा स्वर गळाला. लुपाचं लुबा, मग 'लुब'. केतीचं केदी, मग 'केद'. मावळतीच्या काठावर स्वर आधी गळाला. लुपाचं थेट 'लुप' झालं. आता 'प'च्या पुढे स्वरच नाही, तर तो मऊ कशाला होईल? तिथे बांधाला 'केत' म्हणतात आणि होडीला 'नोत', उगवतीला 'नोद'. नियम तेच तीन, क्रम उलटा आणि एका बेटावर दोन बोली. मुलांना नवे शब्द बनवावे लागले नाहीत. पेडण्याचा माणूस आणि काणकोणचा माणूस बोलायला लागला की गोव्यात कुणालाही फरक कळतो, तसा आता बेटावरही कळू लागला.

जोडशब्दांत हे आणखी रंगतं. 'हिके'चा 'ह' सुरुवातीला आहे म्हणून गळाला, आणि मिठाला उगवतीला 'इग' म्हणू लागले. पण 'लुपाहिके', म्हणजे खारं पाणी, यात 'ह' मध्ये आहे, तो वाचला. त्याचं झालं 'लुबाहिग'. बेटावरच्या एखाद्या पंतोजीला प्रश्न पडेल, की मिठात 'ह' नाही, मग खाऱ्या पाण्यात तो कुठून आला? असे प्रश्न जिवंत भाषेत पावलोपावली पडतात. 'जातो'चा भूतकाळ 'गेला' का होतो? कारण 'जातो' संस्कृत 'या' धातूचा आणि 'गेला' 'गत'चा. रोजच्या वापरातले शब्द असे वेडेवाकडे असणारच. सगळं सरळ दिसलं तर ते कुणीतरी बसून केलंय हे उघड होतं.

एक शब्द दोनदाही येऊ शकतो. संस्कृत 'भक्त' म्हणजे मुळात वाटून दिलेलं. त्या अर्थाने तो अन्नाला लागला आणि झिजून आपल्या ताटात 'भात' होऊन आला. न झिजलेला 'भक्त' ग्रंथांतून परत आला आणि देवळात गेला. 'क्षेत्र' आणि 'शेत' यांचंही तसंच. बेटावरच्या पुजाऱ्यांनी जुने मंत्र जपले असतील, तर त्यांच्या तोंडी 'लुपा' अजून तसाच असणार. म्हणून नाटकात 'लुब' म्हणजे विहिरीचं पाणी आणि 'लुपा' म्हणजे तीर्थ.

अर्थही चालत राहतो

नुसता आवाज झिजून भागत नाही. संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकणं, मराठीत ती छडी झाली. 'चेष्टा' म्हणजे हालचाल, तिची थट्टा झाली. 'मृग' म्हणजे कुठलंही रानटी जनावर, तो नुसता हरिण उरला. पोर्तुगीज 'त्रोंकु' म्हणजे झाडाचा बुंधा, मग कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा, आणि मराठीत आल्यावर 'तुरुंग'. माडाची सूर काढणाऱ्याला आपल्याकडे रेंदेर म्हणतात. पोर्तुगीज 'रेंदेइरु' म्हणजे मक्तेदार, खंड देऊन उत्पन्न घेणारा. कागदावरच्या मक्त्यातून उतरून शब्द माडावर चढला.

या प्रवासांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक पावलामागे माणसांचं जगणं आहे. म्हणून अर्थ बदलताना आधी विचारायचं, की हे लोक जगतात कसे?

आमचं बेट खाडीत आहे, तेव्हा आम्ही खाजन शेतीकडे पाहिलं. गोव्यात भरतीचं पाणी बांध घालून अडवतात, 'मानस' नावाच्या दारांतून ते आतबाहेर सोडतात आणि आत भात घेतात. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन नासते. अशा गावात बांध राखणारा माणूस किती महत्त्वाचा! म्हणून 'केती' आणि 'वेमा' जोडून 'केतीवेमा' केला. 'त' मऊ झाला, शेवटचा स्वर गेला, 'केदीवेम' राहिलं. घाईघाईत मधला भागही झिजला आणि 'केदेम' झालं. अर्थ असा सरकला: आधी बांधाचा राखणदार, मग दार कधी उघडायचं ते ठरवणारा, मग पाण्यावरून झालेली भांडणं मिटवणारा आणि शेवटी गावचा मुख्य. आज बेटावर बांधावर कधी पाऊल न टाकलेला माणूसही 'केदेम' असू शकतो. उगवतीच्या काठावर 'केद' आणि 'केदेम' यांचं नातं अजून ऐकू येतं. मावळतीला बांध 'केत' आहे आणि मुख्य मात्र 'केदेम'च, कारण जोडशब्दात 'त'च्या पुढे स्वर होता. तिथल्या लोकांना हे नातं आठवतच नाही.

'लुबाहिग'चंही असंच झालं. शेतात शिरलेलं खारं पाणी, त्यावरून कुठलंही मोठं नुकसान. दुकान बसलं तरी लुबाहिग आणि ठरलेलं लग्न मोडलं तरी लुबाहिग.

शब्दाचं खरं मूळ विसरलं गेलं की लोक नवं मूळ शोधून काढतात. पाव पायांनी मळत म्हणून त्याला 'पाव' म्हणतात, असं छातीठोकपणे सांगणारे आपल्याला भेटतात. मूळ पोर्तुगीज 'पांव' तिथेच पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, पाटीत असतं. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. मावळतीच्या काठावरचा म्हातारा 'केदेम'ची एखादी चुकीचीच पण रसाळ गोष्ट सांगतो, असा प्रवेश नाटकात घालायला मी सुचवलं. खोटी व्युत्पत्ती सांगणारी माणसं ज्या भाषेत आहेत, ती भाषा खरी वाटते.

जहाजातून आलेले शब्द

बेट आहे म्हणजे जहाजं येणार, आणि जहाजांबरोबर वस्तू आणि शब्द. नव्या वस्तूला नाव देण्याच्या किती वाटा असतात हे पाहायला गोव्याचा बाजार पुरतो. काजू, अननस, बटाटा, मिरची, सीताफळ, विलायती चिंच ही सगळी मुळात अमेरिका खंडातली. अननस आणि काजू आपली नावं बरोबर घेऊन आले. ब्राझीलकडच्या तुपी लोकांचे ते शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्यापर्यंत पोचले. मिरचीला आपण आपल्याच मिरीचं नाव दिलं, कारण तिखटाशी आपली ओळख मिरीमुळे होती. विलायती चिंचेला ओळखीच्या झाडाचं नाव देऊन पुढे परदेशाची खूण लावली. सीताफळाला तर थेट सीतेचं नाव देऊन घरचंच करून टाकलं. वस्तू सगळ्याच परक्या आणि त्यांना आत घ्यायच्या रीती चार. कल्पित भाषेत उसने शब्द आणताना लोक बहुधा पहिलीच रीत वापरतात. चारही वापरा.

उसना शब्दही जसाच्या तसा राहत नाही, त्यालाही नियम लागतात. 'पादेइरु'चा पोदेर आणि 'रेंदेइरु'चा रेंदेर, दोन्हींत शेवट सारखाच वळला. पण 'पांव'चा पाव, 'लैलांव'चा लिलाव आणि 'सबांव'चा मात्र साबण. एकच पोर्तुगीज शेवट दोन तऱ्हांनी मराठीत उतरला. तेव्हा उसन्या शब्दांत थोडा बेशिस्तपणा ठेवायला हरकत नाही.

बेटावर व्यापाऱ्यांनी तराजू आणला, 'सेकोल'. त्यातला 'क' दोन स्वरांमध्ये असूनही कठीणच राहिला, कारण मऊ करणारा नियम तोवर संपला होता. लक्ष देऊन ऐकणाऱ्या प्रेक्षकाला तिसऱ्या अंकात कळावं, की पुजाऱ्यांच्या मंत्रांतले शब्द सोडले तर मध्ये कठीण व्यंजन असलेले शब्द सगळे बाहेरचे आहेत आणि ते सगळे पैशाशी संबंधित आहेत. इतिहास न सांगता सांगायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

जगाचे तुकडे कसे पाडायचे

वहीतली डावी बाजू, म्हणजे मराठी शब्दांची यादी, फाडून टाकावी लागते ती इथे. प्रत्येक भाषा जगाचे तुकडे आपल्या सोयीने पाडते. इंग्रजीत एका 'कोकोनट'वर भागतं. आपल्याला माड वेगळा, शहाळं वेगळं, आडसर वेगळं, नारळ वेगळा, खोबरं वेगळं, करवंटी वेगळी, सोडण वेगळं, त्याचा काथ्या वेगळा, झावळी वेगळी आणि झावळीचा हीरही वेगळा. यांतल्या प्रत्येकाचा घरात निराळा उपयोग आहे, म्हणून प्रत्येकाला नाव. बेटकरांना पाण्यासाठी एक शब्द पुरणार नाही. चढतं, उतरतं, थांबलेलं, मचूळ, बांधाच्या आतलं आणि बाहेरचं, प्रत्येकाला शब्द हवा. उलट घोडा त्यांनी पाहिलेलाच नसेल, तर त्याच्यासाठी शब्द बनवत बसू नये.

शब्द बनवताना अक्षरक्रमाने जाऊ नये, जगण्याच्या क्षेत्रांनी जावं. यासाठी मराठीत फार जुना आदर्श आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश दहा वर्गांत मांडलेला आहे: राजा, कार्यस्थानं, भोगाच्या वस्तू, शस्त्रं, सैन्य, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद आणि बाजार. एका राज्याचं सगळं आयुष्य त्या दहा दारांतून आत येतं. त्यातले कितीतरी प्रतिशब्द रुळले नाहीत आणि फारसी शब्द आपल्या तोंडी टिकले, हेही ध्यानात ठेवावं. वरून आलेला शब्द आणि बाजारातला शब्द यांची अशी ओढाताण कल्पित भाषेतही दाखवता येते.

मुलांच्या नव्या वहीतली एक नोंद अशी आहे:

केदेम (नाम). गावाचा मुख्य. जुनं रूप केतीवेमा, केती 'बांध' आणि वेमा 'माणूस' यांवरून. जुन्या गाण्यांत अर्थ 'बांधाचा राखणदार'. मावळतीच्या काठावर चेष्टेने आळशी नवऱ्यालाही म्हणतात. पाहा: केद, केत, वेम.

चार ओळींत शब्दाचा बाप, वय, भाऊबंद आणि वाईट सवय, सगळं आलं. अशी एक नोंद तोंडाला येईल तशा पन्नास शब्दांपेक्षा जास्त काम करते. तासभराच्या नाटकाला असे दीडशे-दोनशे शब्द खूप झाले, आणि ते मूठभर धातूंतून निघतात.

प्रत्येक नवा शब्द मराठी, कोंकणी आणि हिंदी जाणणाऱ्या माणसांना मोठ्याने म्हणून दाखवावा. लिहिताना निरागस वाटलेला शब्द बोलताना भलताच निघू शकतो आणि गंभीर प्रवेशात सगळी जत्रा हसते. मात्र एखादा शब्द योगायोगाने खऱ्या भाषेतल्या शब्दासारखा निघाला म्हणून घाबरून तो काढू नये. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबराम या आदिवासी भाषेत कुत्र्याला इंग्रजीसारखंच 'डॉग' म्हणत आणि दोन्ही भाषांचा या बाबतीत काडीचा संबंध नाही.

आणि तालमीत कान उघडे ठेवावेत. नटांकडून एखादा शब्द पुन्हा पुन्हा एकाच तऱ्हेने चुकत असेल तर त्यांना दुरुस्त करत बसू नये. 'केदीवेम'चा 'केदेम' मी किंवा मुलांनी ठरवलेला नव्हता. तालमीत घाईने वाक्य म्हणताना तो तसा पडू लागला आणि आम्ही तो वहीत घेतला. आता 'लुबाहिग'चा मधला 'आ' पडू लागला आहे. पुढच्या आठवड्यात बहुधा 'लुब्हिग' लिहावं लागेल आणि मग 'लुबा'ने सुरू होणारे बाकीचे जोडशब्दही त्याच नियमाने तपासावे लागतील.